झाडाची सावली: शेड की शॅडो?

प्रश्न असा आला आहे: 'शेतकरी झाडाच्या सावलीत बसला' याचं इंग्रजी करताना भाच्याने 'शॅडो' लिहिलं, बाईंनी ते खोडून 'शेड' केलं. दोन्हींचा अर्थ सावलीच, मग चुकलं कुठे?

बाईंचं बरोबर आहे, पण पोराला फार दोष देऊ नका. घोळ आपल्या 'सावली'तच आहे. दुपारी आंब्याखाली जिथे आपण खाट टाकतो ती जागा, तिथला आडोसा, तिथला गारवा म्हणजे शेड. आणि आंब्याची जी काळी आकृती जमिनीवर उमटते, जिला कडा असतात, जी संध्याकाळी लांबत जाते, ती शॅडो. शॅडो मोजता येतात. शेड फार तर दाट किंवा विरळ. (साडीच्या दुकानातल्या 'शेड्स' मोजता येतात, पण त्या छटा.)

आपले शेतकरी हा शब्द अचूक वापरतात. ५० टक्के शेडनेट म्हणजे निम्मं ऊन अडवणारी जाळी; तिथे आकृतीशी कुणाला देणंघेणं नाही. पत्र्याची शेड मात्र वेगळी, इंग्रजीत तिचं स्पेलिंगही निराळं.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला अंगणात काठी उभी करा. सूर्य थेट डोक्यावर, काठीची सावली गायब. या दिवसाला इंग्रजीत 'झीरो शॅडो डे' म्हणतात. 'झीरो शेड' कसं म्हणणार? आंब्याखाली तेव्हाही गारवा असतोच की.

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत हा एकच शब्द होता. आपल्याकडे 'घोडा' आणि 'घोड्या-ला' असं सामान्यरूप होतं ना, तसंच. मूळ रूपातून शेड आली, सामान्यरूपातून शॅडो, आणि पुढे दोघींनी वेगळी चूल मांडली. 'मीड' आणि 'मेडो' या कुरणवाचक जोडीचंही असंच झालं.

आपल्याकडेही शॅडोसाठी 'पडछाया' आहे, पण बोलताना कोण म्हणतं? लाक्षणिक अर्थाला मात्र मराठी सावध होते: थोरांची छत्रछाया, पण दुष्काळाचं सावट.

खरी फसगत इथेच होते. 'तो वडिलांच्या सावलीत वाढला' हे मराठीत मायेचं वाक्य आहे: डोक्यावर छप्पर होतं, आधार होता. तेच 'शॅडो' घालून इंग्रजीत नेलं की अर्थ होतो, बापाच्या नावापुढे पोरगा झाकोळून गेला. इंग्रजीतून मराठीत येतानाही हेच होतं. प्रसिद्ध माणसांच्या मुलांवरचे अनुवादित लेख वाचताना 'सावलीत वाढला' दिसलं की मी थबकतो. लेखकाला बहुधा 'झाकोळला' म्हणायचं असतं.