न्योक्की: नावात बटाटा नाही, गाठ आहे

'ग्नोची' या बटाटा-पिठाच्या छोट्या गोळ्यांच्या इटालियन पदार्थाचं नाव कशावरून पडलं आणि त्याचा अर्थ 'बटाटा' असा आहे का, असं तुम्ही विचारलंय.

आधी उच्चार. ग्नोची नव्हे, न्योक्की. इटालियनमध्ये 'जी-एन' ही जोडी आपल्या 'ञ'सारखी म्हणतात, आणि 'सी'नंतर 'एच' आला की त्याचा 'क' होतो. न्योक्की हे अनेकवचन. एकच गोळा असेल तर न्योक्को.

नावाचा बटाट्याशी काहीच संबंध नाही. बटाटा दक्षिण अमेरिकेतून युरोपात आला तोच 16व्या शतकात, आणि इटलीत ताटात यायला त्याला पुढेही बराच वेळ लागला. त्याआधी हे गोळे पिठाचे किंवा शिळ्या पावाच्या चुऱ्याचे करत. रोमच्या पद्धतीची न्योक्की आजही रव्याची असते.

मग अर्थ काय? अभ्यासक दोन शब्दांकडे बोट दाखवतात: 'नोक्क्यो' म्हणजे लाकडातली गाठ आणि 'नोक्का' म्हणजे बोटाचा सांधा. दोन्ही लोंबार्ड लोकांच्या जर्मानिक बोलीतून आले असावेत असं मानतात. हे लोक 568 साली आल्प्स ओलांडून उत्तर इटलीत उतरले. लोंबार्दी प्रांताचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. इंग्रजीतला 'नकल' याच गोतावळ्यातला.

मला स्वतःला सांधाच जास्त पटतो. घरी पहिल्यांदा केले तेव्हा कणकेची लांब वळी करून इंच-इंचाचे तुकडे कापले आणि एकेक तुकडा काट्याच्या दात्यांवरून अंगठ्याने दाबत खाली ढकलला. एका अंगाला खळगा पडतो, दुसऱ्या अंगाला रेघा उमटतात, त्यांत सॉस छान धरून राहतो. बोट ताठ केलं की सांध्यावर सुरकुत्या दिसतात ना, हुबेहूब तशा! हा काही पुरावा नव्हे, पण आपले मुटकेही मुठीवरूनच आलेत, त्यामुळे असं नाव मला अगदी घरचं वाटतं.

इटालियन लोकांबरोबर हा शब्द अर्जेंटिनात गेला आणि तिथे त्याला आणखी एक अर्थ चिकटला. तिथे दर महिन्याच्या 29 तारखेला, पगाराआधीच्या ओढगस्तीत, ताटाखाली पैसे ठेवून न्योक्की खायची प्रथा आहे. त्यामुळे जो सरकारी नोकर फक्त महिनाअखेरीला पगार घ्यायला उगवतो, त्याला तिथे 'न्योकी' म्हणतात.