ऑसिलेटरकडून ताकद मागू नका

प्रश्न : मॅडम, गेल्या वर्षी मला हौशी (हॅम) रेडिओचं जनरल ग्रेडचं लायसन्स मिळालं. ४० मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झ) मोर्ससाठी छोटा ट्रान्समीटर बांधतोय. आर्डुइनो नॅनो, फ्रीक्वेन्सी तयार करणाऱ्या एसआय ५३५१ चिपचं मॉड्यूल आणि पुढे १२ व्होल्टवर आयआरएफ ५१० हा पॉवर मॉसफेट. आउटपुट पाव वॅटही मिळेना. मग मध्ये ७४एचसी०४ ही इन्व्हर्टरची लॉजिक चिप टाकली, ५ व्होल्टवर. आरएफला ५० ओहम हवेत म्हणून तिच्या इनपुटला ५१ ओहमचा रेझिस्टरही लावला. आता कधी २ वॅट मिळतात, कधी काहीच नाही. मॉड्यूलवरचा रेग्युलेटर काढून चिपला थेट ५ व्होल्ट दिले तर जोर वाढेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : रेग्युलेटर आहे तिथेच राहू द्या. ती ३.३ व्होल्टची चिप आहे, ३.८ च्या वर गेलात की ती जाणार. आणि गेलेली चिप बाहेरून अगदी धडधाकट दिसते. मग दोन दिवस प्रोग्राममधली चूक शोधण्यात जातात.

तुमचं पत्र वाचताना १९८९ सालचं माझं टेबल डोळ्यांसमोर आलं. एका ट्रान्झिस्टरचा क्रिस्टल ऑसिलेटर आणि जवळजवळ थेट त्याच्यावरच ॲन्टेना. पॉवर कमी पडते म्हणून मी ९ व्होल्टचे १५ केले. पॉवर वाढली, मला फार आनंद झाला. पण पलीकडच्या ऑपरेटरनं कळवलं, ‘तुमचा डा (मोर्सची लांब खूण) एका सुरात सुरू होतो आणि दुसऱ्याच सुरात संपतो.’ मोर्सची की दाबल्यावर क्रिस्टलमधून जास्त करंट जायचा, तो तापायचा आणि फ्रीक्वेन्सी सरकायची. त्या दिवसापासून मी ऑसिलेटरकडून फक्त फ्रीक्वेन्सी घेते. ताकद पुढच्या टप्प्यांनी द्यायची. पुढे पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये शिकवताना प्रत्येक बॅचला हे पहिल्याच आठवड्यात सांगत आले.

आता तुमच्या जोडणीकडे येऊ. आयआरएफ ५१० नुसता जागा व्हायलाच गेटवर २ ते ४ व्होल्ट लागतात, आणि तो पुरता उघडायला ८-१०. शिवाय त्याच्या गेटची कपॅसिटन्स सुमारे १८० पीएफ आहे. ७ मेगाहर्ट्झला ती सव्वाशे ओहमच्या भारासारखी वागते. ३.३ व्होल्टच्या चिपनं हे ओझं ओढावं ही अपेक्षाच चूक होती, त्यामुळे पाव वॅटही न मिळण्यात नवल नाही.

७४एचसी०४ ची कल्पना मात्र योग्य होती. घोटाळा नावातल्या एका अक्षराचा आहे. एचसी जातीच्या चिपला ५ व्होल्टवर ‘हाय’ (लॉजिकमधला ‘१’) खात्रीनं ओळखायला ३.५ व्होल्ट लागतात, तुम्ही देताय ३.३. बऱ्याचदा ती तरीही चालते, पण तो चिपचा चांगुलपणा. त्यात तुम्ही ५१ ओहम लावलात. एसआय ५३५१ चं स्वतःचं आउटपुट इम्पिडन्स ५० ओहमच्या पुढेच असतं, त्यामुळे ३.३ चे जेमतेम निम्मे उरले. थोडी उष्णता, थोडी हललेली वायर, आणि चिप कधी ऐकते, कधी ऐकत नाही. ५० ओहम हा आकडा केबल, फिल्टर आणि ॲन्टेनासाठी. लॉजिक गेटच्या इनपुटला व्होल्टेज हवं असतं, पॉवर नको. दोन इंचांच्या वायरवर तिथे मॅचिंगचं काही काम नाही. तो रेझिस्टर काढा.

मग एचसीच्या जागी ७४एचसीटी०४ किंवा ७४एसीटी०४ बसवा. त्या ‘टी’मुळे २ व्होल्टलाच ‘हाय’ धरलं जातं. पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. मी पर्समध्ये भिंग ठेवते आणि काउंटरवरच चिपवरचा नंबर वाचते, तुम्हीही वाचा. पिन १४ आणि ७ यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा डिस्क कपॅसिटर लावायचा, पाय चिपला चिकटतील इतके आखूड. ब्रेडबोर्ड सोडा. कॉपर क्लॅडच्या तुकड्यावर चिप पालथी, पाय वर करून ठेवा आणि तांब्यालाच ग्राउंड करा.

आयआरएफ ५१० देखील बाजूला ठेवा, कारण ५ व्होल्टच्या लॉजिकनं तो पुरता उघडत नाही. त्याऐवजी बीएस १७० हे छोटे मॉसफेट, तीन समांतर जोडा. एकेकाची इनपुट कपॅसिटन्स २४ पीएफच्या आसपास, आणि ५ व्होल्टला ते छान चालतात. पहिल्या इन्व्हर्टरनं सिग्नल घ्यायचा, पुढचे तीन इन्व्हर्टर समांतर जोडून त्यांच्याकडून गेट हाकायचे. नीट जुळवलंत तर १२ व्होल्टवर ३ वॅटच्या आसपास मिळतील.

इथे मात्र जपा. की सोडलेली असताना बीएस १७० च्या गेटवर शून्य व्होल्टच हवेत. तिथे ५ व्होल्ट अडकून राहिले तर ड्रेनच्या चोकमधून सगळा करंट सरळ वाहतो. माझ्या टेबलावर एका बीएस १७० ची चपटी बाजू अशीच फुटली आणि तुकडा चष्म्यावर येऊन लागला. चष्मा होता म्हणून वाचले. दोन इन्व्हर्टर एकापुढे एक असले की इनपुट शून्य तर गेटही शून्य. एसआय ५३५१ गप्प असताना इनपुट हवेत राहू नये म्हणून तिथून ग्राउंडला १० के लावा. पहिल्यांदा सुरू करताना सप्लायची करंट मर्यादा ३०० मिलिअँपिअरवर ठेवा. आणि चष्मा घाला.

आउटपुट चौकोनी वेव्हचं आहे हे विसरू नका. ७.०५ ची तिसरी हार्मोनिक (तिप्पट फ्रीक्वेन्सी) २१.१५ मेगाहर्ट्झला जाते, म्हणजे थेट १५ मीटरच्या बँडमध्ये, दुसऱ्या कोणाच्या तरी कानात. तीन कॉइल आणि चार कपॅसिटरचा लो-पास फिल्टर लावल्याशिवाय ॲन्टेना जोडायची नाही. याबाबतीत मी कोणालाही सूट देत नाही.

मोजमाप डमी लोडवर, म्हणजे ॲन्टेनाच्या जागी लावलेल्या रेझिस्टरवर करा. १०० ओहम, २ वॅटचे दोन रेझिस्टर समांतर, वायरवाउंड नकोत. डायोड प्रोबवर (डायोडनं आरएफचं डीसी करून मोजणारी जोडणी) १७ व्होल्ट दिसले की ३ वॅट झाले.

प्रश्न : डीसी (डायरेक्ट कन्व्हर्जन) रिसीव्हर बांधलाय. फ्रीक्वेन्सी तयार करणारं एडी ९८५० चं मॉड्यूल आणि एडीई-१ हा डायोडचा मिक्सर. स्टेशनं ऐकू येतात, पण फार दबकी. ऑडिओ ॲम्प्लिफायर बदलून पाहिला, फरक नाही.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ऑडिओकडे जाऊच नका, तुमच्या मिक्सरची उपासमार होतेय. त्या मिक्सरला लोकल ऑसिलेटरकडून, म्हणजे तुमच्या मॉड्यूलकडून, ७ डीबीएम लागतात, म्हणजे ५ मिलिवॅट. ५० ओहमवर हे १.४ व्होल्ट पीक-टू-पीक होतात. तुमचं मॉड्यूल ५० ओहमला जोडलं की अर्ध्या व्होल्टच्याही खाली येतं. तेवढ्यात आतले डायोड पुरते उघडत नाहीत.

मध्ये २एन२२२२ए चा एक फीडबॅक ॲम्प्लिफायर टाका. १२ व्होल्ट, कलेक्टर करंट २० मिलिअँपिअर, कलेक्टरपासून बेसपर्यंत १.२ के (मध्ये ०.१ चा कपॅसिटर), एमिटरला बायपास न केलेले ६.८ ओहम, आणि कलेक्टरवर एफटी ३७-४३ रिंगवर दुहेरी वायरचे १० वेढे देऊन ४:१ ट्रान्सफॉर्मर. १८ ते २० डीबी गेन येतो. तो सगळा मिक्सरला देऊ नका. ॲम्प्लिफायर आणि मिक्सरच्या मध्ये ६ डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारे रेझिस्टर) ठेवा : १५० ओहम ग्राउंडला, ३९ सलग, पुन्हा १५० ग्राउंडला. आधी कमावून मग घालवायचं हे नवख्यांना पटत नाही, पण मिक्सरचं इम्पिडन्स प्रत्येक सायकलला हलतं आणि पॅड ते हेलकावे ॲम्प्लिफायरपर्यंत पोचू देत नाही.

मोजताना मिक्सर काढून तिथे ५० ओहम लावा आणि प्रोबमध्ये जर्मेनियम डायोड वापरा, जुन्या रेडिओतला ओए ७९ चालेल. ०.४५ ते ०.५ व्होल्ट दिसले की काम झालं. १एन४१४८ लावलात तर ते बहुतेक सगळं डायोडच खाईल आणि चांगला ॲम्प्लिफायर तुम्ही मोडून टाकाल.

प्रश्न : जुन्या मदरबोर्डवरचा १४.३१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल २० मीटरवर चालेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : हो. २० मीटरचा बँड १४.००० ते १४.३५० आहे, त्यात तो बसतो. बारीक कॅनचा असेल तर त्यातून जास्त करंट जाऊ देऊ नका, ऑसिलेटर ५ किंवा ६ व्होल्टवरच चालवा आणि त्यापुढे वर मडगावच्या वाचकांना सांगितलेला ॲम्प्लिफायर जोडा. क्रिस्टल काढताना डिसोल्डर विक वापरा. पक्कडीनं ओढलात तर पाय काचेपाशी तुटतो.