दुखणं कमी झालं म्हणजे नस सुटली असं नाही

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. कंबर फारशी दुखत नसताना कळ पायाच्या अंगठ्यापर्यंत का जाते? गादी (डिस्क) कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली सरकली असताना रिपोर्टमध्ये पाचवी नस दबल्याचं का लिहिलंय? आणि दुखणं आता बरंच कमी झालंय, पण अंगठा वर उचलला जात नाही, तर आणखी थोडे दिवस वाट पाहावी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: वाट पाहू नका. कळ कमी झाली आणि ताकदही गेली, तर ती सुधारणा धरता येत नाही. एक-दोन दिवसांतच मणक्याच्या सर्जनना किंवा न्यूरॉलॉजिस्टना प्रत्यक्ष दाखवा. आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा शौचाच्या जागेभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, दोन्ही पायांतली ताकद कमी वाटू लागली, तर सकाळ होण्याचीही वाट न पाहता थेट इमर्जन्सी विभागात जा. तिथे उशिराची किंमत कायमची मोजावी लागते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कळ थांबल्यावर हायसं वाटून पुढची तपासणी रद्द करणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय.

मज्जारज्जूतून नसांच्या (म्हणजे नर्व्हच्या, रक्तवाहिन्यांच्या नव्हे) ३१ जोड्या निघतात: मानेच्या ८, छातीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) ५ आणि माकडहाडाची १. प्रत्येक नस दोन मुळांची बनते. पुढच्या मुळातून स्नायूंना हुकूम जातात, मागच्या मुळातून स्पर्श, वेदना, तापमान यांची खबर आत येते. फ्रान्सचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ माजांदी यांनी १८२२ मध्ये प्राण्यांमध्ये ही मुळं वेगवेगळी कापून हा फरक दाखवून दिला. दोन्ही मुळं मणक्यांमधल्या छिद्रापाशी एकत्र येतात. तिथे तयार होणारी खरी मणक्याची नस जेमतेम सेंटिमीटरभर लांब असते, आणि लगेच तिचे दोन फाटे होतात. मागचा लहान फाटा पाठीच्या स्नायूंना आणि कातडीला जातो. पुढचा मोठा फाटा शेजारच्या नसांच्या फाट्यांशी मिसळतो आणि हातापायांच्या मोठ्या नसा त्यातूनच बनतात.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. कमरेच्या पाचव्या नसेच्या मुळातले तंतू नडगीच्या बाहेरच्या बाजूने, पावलाच्या वरच्या भागावरून अंगठ्यापर्यंतची खबर आणतात. ते वाटेत कुठेही चिडले तरी मेंदू ती खबर अंगठ्याकडूनच आली असं धरतो. म्हणून बिघाड कमरेत आणि कळ पायात.

आता आकड्यांचा घोळ. मानेत मणके ७ आणि नसा ८, कारण पहिल्या सात नसा आपापल्या मणक्याच्या वरून बाहेर पडतात आणि आठवी सातव्याच्या खालून. तिथून पुढे सगळ्याच नसा आपापल्या मणक्याच्या खालून निघतात. कमरेत चौथी नस चौथ्या मणक्याला लागूनच, गादीच्या पातळीच्या वर बाहेर पडते. पाचवी मात्र त्या गादीच्या मागून खाली उतरत असते. गादी बहुधा मागे आणि थोडी बाजूला सरकते, आणि तिथे सापडते ती ही पाचवी. गादी अगदी बाहेरच्या बाजूला फुगली तरच चौथी सापडते. तेव्हा तुमचा रिपोर्ट बरोबर आहे.

आणखी एक गोष्ट, तुम्हाला धीर देणारी. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली मणक्यांच्या पोकळ नळीत असतात ती फक्त मुळं, घोड्याच्या शेपटासारखी सुटी लोंबणारी. तुमच्या गादीमुळे मज्जारज्जू दबलेला नाही. हालचालीच्या मुळांमध्ये पुन्हा वाढण्याची क्षमता असते, मज्जारज्जूत ती जवळजवळ नसते.

मग दुखणं कमी का झालं? निरोगी मूळ नुसतं दाबलं तर मुख्यतः मुंग्या आणि बधिरपणा येतो. कळ येते ती मूळ सुजलेलं असताना. गादीच्या आतला गर बाहेर आला की त्यातल्या रसायनांनी ही सूज चढते. काही आठवड्यांत ती उतरते, कळही ओसरते, पण दाब तसाच राहू शकतो. दुसरी शक्यता जास्त वाईट: तंतूच इतके खराब झाले आहेत की खबर पोचतच नाही. या दोन्ही अवस्थांत माणूस सांगतो, ‘आता बरं वाटतंय.’ म्हणून नसेचा हिशेब कळेवर करू नका, ताकदीवर करा. डॉक्टर ताकद ० ते ५ अशी मोजतात. ३ म्हणजे स्वतःच्या वजनाविरुद्ध पूर्ण उचलता येतं, पण बोटाचा दाबही सहन होत नाही. तुमचा आकडा किती आहे ते विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. पुढचे सगळे निर्णय हा आकडा घटतोय की वाढतोय यावर ठरतील.

नसेची इजा किती खोल आहे याची ब्रिटिश सर्जन सेडन यांनी १९४३ मध्ये केलेली विभागणी आजही वापरतात. पहिल्या प्रकारात तंतू शाबूत असतो, फक्त त्याचं मायेलिनचं वेष्टन बिघडतं आणि संदेश अडतो. हे बहुतेक वेळा काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत भरून येतं. दुसऱ्या प्रकारात आतला तंतू तुटतो, बाहेरची नळी टिकते. तुटल्या जागेपासून पुढचा सगळा तंतू गळून जातो (वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसांमध्ये हे पाहिलं) आणि नवा तंतू त्याच नळीतून दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. तिसऱ्या प्रकारात नसच तुटते. अपघातात असं होतं, गादीमुळे सहसा नाही.

इथे अंतराचा हिशेब करून पाहा. कमरेपासून अंगठा उचलणाऱ्या नडगीतल्या स्नायूपर्यंत अंतर ७०-८० सेंटिमीटर भरतं. दिवसाला १ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ दोन वर्षं किंवा थोडं जास्तच, आणि नस तुटलेला स्नायू साधारण १२ ते १८ महिन्यांनंतर नवा तंतू नीट स्वीकारत नाही. हे वाचून घाबरू नका. गादीच्या दाबाने सगळेच तंतू क्वचित जातात. जे वाचतात ते स्नायूच्या आत नवीन फांद्या काढून शेजारच्या अनाथ स्नायूतंतूंना सांभाळून घेतात, आणि याला काही महिनेच लागतात. म्हणजे आज किती तंतू वाचवता येतात यावर सगळं ठरतं. घाई करायला सांगतेय ती याचसाठी.

तपासण्यांबद्दल दोन सावधगिरीच्या सूचना. संवेदनेच्या पेशी मागच्या मुळावरच्या गाठीत असतात आणि गादीचा दाब बहुतेक वेळा त्या गाठीच्या आतल्या बाजूला पडतो. गाठीपासून पायापर्यंतचा तंतू जिवंतच राहतो, त्यामुळे पाऊल बधिर असूनही संवेदनेचा एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी) नॉर्मल येतो. त्यावरून नसेला काही झालेलं नाही असं कुणी म्हणालं तर ते मानू नका. ईएमजीत (स्नायूत सुई घालून त्यातले विद्युत संकेत पाहण्याच्या तपासणीत) स्नायूची नस गेल्याच्या खुणा दिसायला साधारण तीन आठवडे लागतात, त्याआधीचा स्वच्छ रिपोर्ट फारसं काही सांगत नाही. हातोडीच्या तपासणीचंही तसंच आहे. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया मुख्यतः चौथ्या मुळाची, घोट्याची त्रिकास्थीच्या पहिल्या मुळाची. पाचव्याची भरवशाची अशी कुठलीच नाही.

डॉक्टरांना एक तपासणी आवर्जून करायला सांगा. अंगठा आणि पाऊल लुळं पडणं हे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेशी नस दबूनही होतं, आणि एमआरआयमध्ये सरकलेली गादी तर काहीही न दुखणाऱ्या माणसांतही दिसते. पाऊल आतल्या बाजूला वळवण्याची ताकद आणि कुशीवर झोपून वरचा पाय उचलण्याची ताकद तपासली की उलगडा होतो. पाचवं मूळ दबलं असेल तर या दोन्ही कमी पडतात, गुडघ्यापाशी नस दबली असेल तर दोन्ही चांगल्या राहतात. लगेच दुसरा एमआरआय करण्याआधी हे होऊ द्या.

ऑपरेशन करायचं की नाही, हे तुमची ताकद प्रत्यक्ष तपासणाऱ्या माणसानेच ठरवावं. सरकलेल्या गाद्या पुष्कळदा आपोआप आक्रसतात, आणि ताकद शाबूत असेल तर थांबणं योग्यच असतं. तोपर्यंत पाऊल अडखळत असेल तर घोट्याला आधार देणारा स्प्लिंट वापरा, जिन्यात कठडा धरा, आणि बधिर पावलाला गरम पाण्याची पिशवी अजिबात लावू नका. भाजलेलं कळणार नाही.