चौथीच्या इतिहासाला मोबाईल जोडताना

मॅडम, शाळेतल्या नेटवर विसंबू नका. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपमध्ये आदल्या रात्रीच स्कॅन करा, व्हिडिओ डाउनलोड करून स्वतः पूर्ण पाहा. वर्गात सलग 3-4 मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका. थांबवून एखादा प्रश्न टाका, नाहीतर पोरं नुसता सिनेमा बघतात.

प्रतापगडासाठी गूगल अर्थवर डोंगर तिरपा करून स्क्रीनशॉट घ्या. सपाट नकाशात गडाभोवतीच्या जावळीच्या खोऱ्याची अडचण दिसतच नाही. त्याआधी आपला नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला दाखवा. लढाई 1817 ची, काळ वेगळा. पण टेकडी ओळखीची, म्हणून उंचीचा फायदा लगेच कळतो.

चित्रं मात्र तपासाच. मालिकेतल्या नटाचा फोटो ‘महाराज’ म्हणून सर्रास फिरतो, अन् शिवकाळात कॅमेराच नव्हता हे चौथीच्या मुलाला आपोआप सुचत नाही.