वय ५२, टेस्टोस्टेरॉन २८० आलंय, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं. इंजेक्शन घ्यावं का, की वयाचं म्हणून सोडून द्यावं?

"वयाचं म्हणून सोडून द्यावं" हे वाचलं आणि राहवलं नाही. हेच मला माझ्या थोरल्या भावानं ऐकवलं होतं, गणपतीला गावी जमलो होतो तेव्हा, पडवीत, चार माणसांच्या देखत. "पन्नाशी उलटली, आता कसली हौस?" मी गप्प बसलो आणि पुढची दोन वर्षं तशीच घालवली.

तेव्हा मी ५५ चा. दुपारी ऑफिसात खुर्चीतच डोळा लागायचा, बारीकसारीक गोष्टीवरून चिडचिड, आणि बायकोजवळ जायची इच्छाच उरली नव्हती. तिला आधी वाटलं तिचंच काही चुकलं, मग एकदा तिनं सरळ विचारलं की दुसरं कोणी आहे का. काय सांगणार, मलाच कळत नव्हतं. शेवटी माझ्या शुगरच्या डॉक्टरांसमोर तिनंच विषय काढला, मी मान खाली घालून बसलेलो. सकाळी आठला उपाशीपोटी रक्त दिलं, टेस्टोस्टेरॉन १९० आलं. पंधरा दिवसांनी परत, २०५. एलएच आणि प्रोलॅक्टिन (मेंदूतल्या ग्रंथीची हार्मोन्स), पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) सगळं बघितलं आणि मगच इंजेक्शन, टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट १००० एमजी, कमरेत अगदी सावकाश देतात, दुसरं सहा आठवड्यांनी आणि पुढे दर बारा आठवड्यांनी. दीडेक महिन्यात इच्छा परत आली. थकवा मात्र त्यानं फारसा गेला नाही, तो गेला नऊ किलो वजन उतरल्यावर.

दादा बीपीची गोळी घेतो, शुगरची घेतो, मोतीबिंदूही काढून घेतला. ते सगळं वयानंच आलं ना? मग हा एकच हार्मोन कमी झाला की लगेच हौस कशी? माणूस घरात आतल्या आत कुढतो आणि घरची बाई स्वतःला दोष देत बसते, ते कुणाला दिसत नाही.

तुमची टेस्ट किती वाजताची ते लिहिलं नाहीये. संध्याकाळची असेल तर धरूच नका, सकाळी दोन वेगवेगळ्या दिवशी करा, दोन्हीदा ३०० च्या खाली आलं तरच पुढचं बोलायचं. पोट सुटलेलं असेल, रात्री घोरत असाल तर आधी ते बघा, त्यानंही कमी येतं. आणि जिमवाल्याकडून इंजेक्शन अजिबात नको.

अजून मूल हवं असेल तर हे घेऊच नका, शुक्राणू तयार व्हायचे जवळजवळ थांबतात. रक्तही दाट होतं, माझं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, ५५ टक्क्यांवर गेलं तेव्हा डॉक्टरांनी पुढचा डोस लांबवला. हृदयाचं म्हणाल तर २०२३ मध्ये ट्रॅव्हर्स नावाचा मोठा अभ्यास आला, पाच हजारांवर पुरुष होते, त्यात हार्ट अटॅक-स्ट्रोक वाढलेले दिसले नाहीत, पण ठोके अनियमित होणं आणि फुफ्फुसात गुठळी होणं थोडं जास्त दिसलं, म्हणून आधीचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना लपवू नका. जेलपण मिळतं, पण लावलेली जागा लहान मुलाच्या अंगाला लागता कामा नये. आमच्याकडे दोन वर्षांचा नातू सारखा अंगाखांद्यावर असतो, म्हणून मी इंजेक्शनच घेतलं.