सोलापुरात आजोबांच्या माळ्यावर सापडलेलं काळं, जड, अरुंद तोंडाचं, चांदीची फुलं जडवलेलं भांडं कुठलं असावं?

हे बिदरी काम आहे, म्हणजे काळ्या केलेल्या धातूत चांदी जडवायची कर्नाटकातल्या बिदरची कला, आणि आकारावरून हुक्क्याचा खालचा, पाणी भरायचा भाग वाटतो; वरची नळी-चिलीम हरवली की असं बुचकळ्यात टाकणारं भांडं तेवढं उरतं. बिदरीचा धातू म्हणजे मुख्यतः जस्त, थोडं तांबं. म्हणून त्याला लोहचुंबक चिकटत नाही. काळा थर रंगाचा नसतो: बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून तो आणतात, चांदी मात्र पांढरीच राहते. बिदर सोलापूरहून फार लांब नाही, त्यामुळे तिथलंच असण्याची शक्यता जास्त. पण लखनौ, पूर्णिया, हैदराबादलाही हे काम व्हायचं, तेव्हा नुसत्या वर्णनावरून गाव ठामपणे सांगता येणार नाही. आणि कृपा करून चिंच लावून घासू नका, काळा थरच निघेल.