हेल्मेट हातात ठेव

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज शुक्रवारी रात्री साडेअकराला आला. फोनवर चार ओळींत उत्तर द्यावं असा तो नव्हता, म्हणून हे पत्र. आई सांगत होती की तू मराठी अजून छान वाचतोस, फक्त जोडाक्षरांवर अडखळतोस. सावकाश वाच, घाई नाही.

शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमबद्दल तू लिहिलंस, "काका, मी टीम सोडतोय. दोन वर्षं नुसता उभा आहे." सोडायची की नाही ते तू आणि तुझे आईबाबा ठरवाल, त्यात मी पडणार नाही. पण त्या रात्री मला काय दिसलं, ते सांगायलाच हवं.

शाळेच्या सामन्यांना मी यार्ड मोजायची साखळी धरायला येतो, हे तुला माहीत आहे. साखळीवाले पाहुण्यांच्या कडेला उभे असतात, त्यामुळे आपला बेंच मला मैदानापलीकडून अख्खा दिसतो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये आपला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, पडला आणि दुखापती बघणारी ट्रेनर आत धावली. ट्रेनर आत आली की त्या मुलाला निदान एक प्ले, म्हणजे एक खेळी, बाहेर बसावं लागतं. कोच मागे वळले. त्याचा बदली तू, आणि तू हेल्मेट शोधत होतास. आधी पाण्याच्या कॅनमागे पाहिलंस, मग वाकून बेंचखाली. कोणीतरी ते दुसऱ्या टोकाकडून तुझ्याकडे फेकलं, तोवर कोचना टाइमआउट घ्यावा लागला. तू आत गेलास, चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकच्या पोटाशी तो दिलास, तीन यार्ड मिळाले, परत आलास. कोणी तुला एका शब्दाने बोललं नाही. माझा अंदाज असा की तुला तेच लागलं. ओरडले असते तर निदान तुझ्याकडून काही अपेक्षा होती असं तरी वाटलं असतं.

आता एका माणसाबद्दल सांगतो. कर्ट वॉर्नर हे नाव तू ऐकलं असशील. तो इथलाच, आयोवाचा, बर्लिंग्टनला जन्मलेला. पण तुम्हा मुलांना त्याची गोष्ट किराणा दुकानापासूनच सांगितली जाते, आणि तिच्यातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग गळून जातो.

कॉलेजात, नॉर्दर्न आयोवाला, शेवटचं वर्ष येईपर्यंत तो बेंचवरच होता. एनएफएल, म्हणजे इथली मोठी व्यावसायिक लीग, तिच्या १९९४ च्या ड्राफ्टमध्ये, संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याला कोणीच घेतलं नाही. ग्रीन बे पॅकर्सनी सरावशिबिराला मात्र बोलावलं. तिथे त्याच्या पुढे ब्रेट फार्व्ह, मार्क ब्रुनेल, टाय डेटमर अशी मंडळी. एके दिवशी क्वार्टरबॅकचे कोच स्टीव्ह मारियुची त्याला म्हणाले, आत जा. आणि वॉर्नर नाही म्हणाला. प्लेबुक, म्हणजे खेळींची वही, अजून डोक्यात बसलं नव्हतं, सगळ्यांसमोर चुकायची भीती वाटली. हे त्याने स्वतःच पुढे सांगितलं आहे. थोड्याच दिवसांत पॅकर्सनी त्याला घरी पाठवलं.

हेल्मेट न सापडणं आणि हे, दोन्ही एकाच जातीचं आहे, बाळा. संधी आली तेव्हा तो मनाने तिथे नव्हता.

मग ते दुकान. सीडर फॉल्सच्या हाय-व्हीमध्ये रात्रपाळी, ताशी साडेपाच डॉलर, फळ्यांवर माल लावायचा. दिवसा जुन्या कॉलेजच्या संघाला मदत करायची. लोकांना हा भाग फार आवडतो, कारण ऐकायला गोड आहे. पण फळ्या लावून कोणी क्वार्टरबॅक होत नाही. तो घडला त्यानंतरच्या तीन वर्षांत, आणि ती मी थोडीफार डोळ्यांनी पाहिली.

मी १९९५ साली डे मॉइनला आलो. त्या वर्षी तिथे आयोवा बार्नस्टॉर्मर्स नावाचा अरीना फुटबॉलचा नवा संघ सुरू झाला होता. ऑफिसातल्या एकाने आग्रहाने वेटरन्स ऑडिटोरियममध्ये नेलं. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. छताखाली पन्नास यार्डांचं मैदान, एका बाजूला आठच खेळाडू, कडेला आइस हॉकीसारख्या गाद्या लावलेल्या भिंती, गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना जाळ्या, आणि जाळीवर आपटून परत आलेला चेंडूही खेळातच. बार्नस्टॉर्मर्सच्या हेल्मेटवर जुन्या वैमानिकांचे गॉगल रंगवलेले होते. तेरा नंबरचा मुलगा चेंडू हातात आला न आला तोच सोडत होता. मी शेजारच्याला विचारलं, "याला एवढी घाई कसली?" तो म्हणाला, "इथे जागाच नाही. थांबला तर भिंतीत जाईल."

ते उत्तर मला बरंच नंतर उमगलं. लहान मैदानात विचार करायला वेळ मिळत नाही, म्हणून विचार आधी करून ठेवावा लागतो. पास झेलणारा रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू तिकडे निघालेला असायला हवा. पुढे सेंट लुईसमध्ये सगळं जग ज्या चपळाईने चकित झालं, ती या भिंतींनी शिकवलेली होती. १९९७ साली शिकागो बेअर्सनी त्याला चाचणीसाठी बोलावलं, तर मधुचंद्राला जमैकात असताना नेमका फेकायच्या हाताच्या कोपराला कोळी चावला आणि ती संधीही गेली. १९९८ मध्ये तो ॲमस्टरडॅम अॅडमिरल्सकडून युरोपात खेळला. तिथे त्याच्या मागे बेंचवर बसलेला जेक डेलोमही पुढे एका संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला. मी बेंचकडे इतका निरखून का बघतो, ते आता तुझ्या लक्षात येईल.

त्याच वर्षी तो सेंट लुईस रॅम्समध्ये तिसरा क्वार्टरबॅक झाला. अख्ख्या हंगामात एकच सामना, अकरा पास, त्यातले चार पोचले. क्लीव्हलँडचा संघ नव्याने उभा राहत होता, तेव्हा रॅम्सनी ज्यांना संरक्षण दिलं नाही त्या खेळाडूंत वॉर्नर होता. क्लीव्हलँडनेही त्याला उचललं नाही. मग ऑगस्ट १९९९ मध्ये, सरावाच्या सामन्यात, रॅम्सचा पहिला क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन याचा गुडघा गेला. कोच डिक व्हर्मील यांनी भरल्या डोळ्यांनी सांगितलं की आम्ही कर्ट वॉर्नरच्या पाठीशी उभे राहू आणि चांगलं फुटबॉल खेळू. वॉर्नर तेव्हा २८ वर्षांचा होता. आदल्या वर्षी सोळापैकी बारा सामने हरलेला संघ त्या वर्षी तेरा जिंकला. त्याचे ४१ टचडाऊन पास, ४,३५३ यार्ड. लीगचा सर्वोत्तम खेळाडू तो. आणि ३० जानेवारी २००० ला टेनेसीविरुद्ध २३–१६ असा सुपर बोल.

ग्रीन पडल्यावर प्लेबुक उघडून हे होत नाही. अकराच पास फेकलेल्या त्या अख्ख्या वर्षात हा माणूस काय करत असेल, याचा विचार कर.

तुझी जागाही तीच आहे. सोमवार ते गुरुवार तू स्काउट टीमवर खेळतोस, म्हणजे पुढच्या शुक्रवारच्या पाहुण्या क्वार्टरबॅकचं सोंग घेतोस. तुला वाटतं ही हमाली आहे. पण आपल्या सगळ्या शाळेत आपल्या डिफेन्सवर रोज पास फेकणारा तू एकटाच आहेस. पहिल्या मुलाला तेवढे पास मिळत नाहीत. कार्डावर काढलेला रूट, म्हणजे रिसीव्हरचा धावायचा मार्ग, तू फेकतोस, पण फेकण्याआधी दोन सेफ्टी, सगळ्यात मागचे बचावपटू, कुठे उभे आहेत हे बघतोस का? एक पुढे सरकला की मागे कोणती जागा रिकामी होते, हे मनात बोलून ठेवतोस का? मी पलीकडून बघतो, तू चेंडूकडे बघत असतोस. चेंडूकडे अख्खं स्टेडियम बघतं. तू सेफ्टींकडे बघ.

शुक्रवारी कोचपासून दोन हातांवर उभा राहा. सिग्नल दिसला की प्लेचं नाव ओठांतल्या ओठांत म्हण आणि स्नॅपच्या आधी, म्हणजे सेंटरने चेंडू मागे द्यायच्या आधी, ठरव, तू असतास तर चेंडू कुणाकडे गेला असता. चुकलास तर चूक. शनिवारी फिल्मवर ताडून बघ. आणखी एक, जे तुला कोणी सांगणार नाही: बदली क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू पहिल्याच स्नॅपला निसटू शकतो, कारण पहिल्या फळीच्या सेंटरचे हात त्याच्या ओळखीचे नसतात. तुझ्या सेंटरला गाठ. सरावाआधी दहा मिनिटं, ओल्या चेंडूने.

डोक्याबद्दल मात्र कडक बोलतो. २००३ च्या पहिल्या सामन्यात वॉर्नरच्या हातून सहा वेळा चेंडू सुटला आणि त्यानंतर कन्कशनसाठी, म्हणजे मेंदूला बसलेल्या धक्क्यासाठी, त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. रॅम्समध्ये त्याची जागा मग मार्क बल्जरची झाली. तुला आत जायची संधी मिळाली आणि डोकं बडवलं गेलं, डोळ्यांपुढे झापड आली, तर त्याच क्षणी ट्रेनरला सांगायचं. दोन वर्षं वाट पाहिली म्हणून लपवायचं नाही. यात मी तुझं काही ऐकणार नाही.

जागा एकदा मिळाली की कायमची राहते असंही नाही. २००४ मध्ये तो न्यूयॉर्क जायंट्सकडे होता; त्यांचे पाच विजय, चार पराभव असताना वॉर्नरला बसवून नवख्या ईलाय मॅनिंगला उतरवलं. मग तो ॲरिझोनाच्या संघात गेला; तिथे २००६ साली मॅट लायनार्टला ड्राफ्टमधून आणलं आणि वॉर्नर पुन्हा मागे गेला. दोन वर्षांनी जागा परत त्याची झाली आणि त्याच हंगामात तो संघ सुपर बोलला पोचला. पिट्सबर्गकडून २७–२३ हरला. कॉलेजच्या स्कॉलरशिपचं गणित तुझ्या बाबांनी मांडलं आहेच, ते बरोबर आहे. अख्ख्या एनएफएलमध्ये संघ बत्तीस. मी तुला तिथे जायला सांगत नाही.

एक सामना मात्र शोधून बघ. १० जानेवारी २०१०, ॲरिझोना विरुद्ध ग्रीन बे पॅकर्स. हो, तेच पॅकर्स. वॉर्नर ३८ वर्षांचा. त्याने ३३ पास फेकले, २९ पोचले, त्यातले ५ टचडाऊन. न पोचलेल्या पासांपेक्षा टचडाऊन जास्त. जादा वेळेत ५१–४५. समोरचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स, जो स्वतः तीन वर्षं फार्व्हच्या मागे बसला होता. आवाज बंद करून बघ, आणि प्रत्येक स्नॅपच्या आधी वॉर्नरचं डोकं कुठे वळतं तेवढंच बघ. त्याच महिन्यात त्याने खेळ सोडला, कोणी काढायच्या आत, स्वतःच्या मर्जीने.

सोडायचंच ठरलं, तर मेसेज करू नकोस. सोमवारी सरावाआधी कोचच्या खोलीत जा, मनगटावरची प्लेची पट्टी त्यांच्या हातात दे आणि तोंडाने सांग. राहायचं ठरलं, तर रविवारी दुपारी तीनला आमच्याकडे ये. गॅरेजसमोर मी स्नॅप देईन. गुडघा कुरकुरतो, पण पन्नास होतील. येताना जुना चेंडू आण, आणि बादलीभर पाणी मी भरून ठेवतो.

तुझा,
काका